कोड्याचं पेन

धाकटी, म्हणजे माझी जाऊ, आमच्या घरात आली तेव्हा तिला शाईतलं ओ का ठो कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते. नंतर लोक विसरतात. मामंजी तर साफ विसरले. नवी नवी असताना ती शाईखोलीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, की रंगाची भुकटी पाण्यात ढवळली की झाली ना शाई? मी हातातली बरणी खाली ठेवली आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. ती ओशाळून हसली. हसली की गोड दिसते, हाही तिचा एक दोष.

आमचं पेनांचं दुकान आहे. पुढे काउंटर. तिथे आमचे हे आणि माझे दीर बसतात, पेनं विकतात, निबा बदलून देतात आणि उरलेला वेळ एकमेकांशी वाद घालतात. मागे शाईखोली, ती मामंजींची. मामंजी म्हणजे माझे सासरे. दुकानाच्या नावाची शाई ते स्वतः करायचे: काळी, फिकी निळी, हिरवी. सासूबाई होत्या तोवर त्या त्यांच्या हाताखाली असत. त्या गेल्या आणि त्यांच्या जागी मी उभी राहिले. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली. भुकटी तोलायला शिकले, डिंक किती घालायचा ते शिकले, शाई खराब होऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब कधी सोडायचा ते शिकले. माझी नखं कायमची रंगली. कुणाकडे गेलं तर मी हात पदराखाली लपवत नाही, मुद्दाम मांडीवर पालथे ठेवून बसते. बघू देत.

शाईखोलीत मामंजींचा एक नियम होता आणि अजून आहे. आपली शाई आपण लावायची नाही. लावायची म्हणजे पेनात भरून कागदावर लिहून बघायची. करणाऱ्याला स्वतःची शाई गोडच दिसणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून करणारा एक आणि लावणारा दुसरा. नमुना करताना एक मोठी बाटली आणि एक लहान बाटली भरेल एवढीच शाई करायची. मामंजी ड्रॉवरमधून एक जाड पान काढून देतात. एका शाईला एकच पान, दुसरं मागायचं नाही. त्यावर ठरलेलं वाक्य दहा वेळा लिहायचं: ‘झाकण घट्ट, पेन स्वच्छ, मग लिहायला बसावे.’ शेजारी आडव्याउभ्या रेघांचा चौकोन. कोपऱ्यात एक थेंब. सगळं वाळलं की एका ओळीवरून ओलं बोट फिरवायचं. आणि अगदी तळाशी लावणाऱ्याने एक शब्द लिहायचा, ‘ठेवावी’ किंवा ‘ओतावी’. कारण द्यायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. ओतावी म्हटलेल्या शाईच्या दोन्ही बाटल्या लावणाऱ्यानेच मोरीत नेऊन ओतायच्या.

मी आणि मामंजी मिळून हे सगळं गुण्यागोविंदाने करत होतो. मग धाकटीला वाटलं, आपणही बघावं करून.

तिला कुणी शिकवलं नाही. मी तर नाहीच नाही. बाटल्या पुसता पुसता ती बघत राहिली आणि वर्षाच्या आत तिने स्वतःची पहिली शाई केली. जांभळी. रबरी शिक्क्याची असते तसली भडक नव्हे. काळपट, आतून लालसर, आणि वाळताना आणखी खोल जाणारी. ती लावायची पाळी माझी. मी चांगलं वाहतं पेन घेतलं, आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजवून ठेवलेलं, आणि लिहायला बसले. दहावी ओळ संपली तरी मला उठावंसं वाटेना. नुसती बघत बसले. आणि बघता बघता माझ्या पोटात असं काही दुखायला लागलं की काय सांगू. मी या खोलीत इतकी वर्षं घासली, आणि असा रंग माझ्या हातून एकदाही उतरला नव्हता. हिच्या हातून पहिल्या फटक्यात उतरला. माझी फिकी, माझी हिरवी, सगळ्या एकदम शाळकरी वाटायला लागल्या.

तळाशी मी ‘ओतावी’ लिहिलं.

मामंजींनी पान बघितलं, भुवया उंचावल्या, पण नियम तो नियम. त्यांनी पान फाडून टाकलं. धाकटीचा चेहरा पडला. तिने एका शब्दाने विचारलं नाही की का म्हणून. माझ्याबरोबर ताटं घ्यायला आली, पाणी भरलं, सगळं नेहमीसारखं. त्यानंतर मात्र तिने तसल्या गडद रंगाच्या वाटेला जाणं सोडलं. काळी आणि हिरवी करायला मामंजींना मदत करायची, तेवढंच.

मी दोन्ही बाटल्या मोरीत नेल्या. मोठी ओतली. लहान काही माझ्याच्याने ओतवेना. ती मी वर नेली आणि कपाटात लोकरीच्या कपड्यांमागे ठेवली.

आता कोड्याचं सांगते. दुपारी जेवणं झाली की मी वर आमच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते. तेवढा वेळ मला कुणी हाक मारलेली खपत नाही. वर्तमानपत्राचा कागद शाई नुसती पितो. चांगल्या पेनाने लिहिलं तर अक्षर फुटून शेजारच्या चौकोनात शिरतं. म्हणून कोड्यासाठी मी एक किरटं पेन ठेवलंय. महा कंजूस. शाई सोडताना त्याच्या जिवावर येतं. त्या पेनात मी धाकटीची जांभळी भरायचे. लिहायचे, बघायचे, पुन्हा पोटात दुखवून घ्यायचे. कोडं सुटलं की पेपर रद्दीत. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

असं वर्ष गेलं. मग मामंजींची नजर अधू व्हायला लागली. एकदा त्यांनी हिरव्याच्या बाटलीवर निळ्याचं झाकण लावलं आणि गिऱ्हाइकाने परत आणून दिली, तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी सगळ्यांना बसवून म्हणाले, की आता मला जमत नाही. खोली कुणाच्या तरी हातात द्यायला हवी, आणि दोघींच्या नाही, एकीच्याच. दोन हात आले की दर खेपेला दोन छटा येतात. मग म्हणाले, की लोक येऊन गडद निळी मागतात आणि आपल्याकडे फिकी सोडून निळी नाही. तुम्ही दोघी एकेक गडद निळी करा. मी कुणाचीच लावणार नाही, तुम्हीच एकमेकींची लावा. जिची दुकानात विकायला निघेल, तिच्याकडे खोलीची किल्ली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे तर हसलेसुद्धा, आता काय, आमच्याकडेच येणार म्हणून. मला हसू आलं नाही. त्या किल्लीवाचून माझं काय होणार ते मला एकटीलाच माहीत होतं. घरात बाकी सगळीकडे मी कुणाची तरी कुणी असते. यांची बायको, पोरांची आई, दुकानाची थोरली सून. शाईखोलीत दार लावलं की मी कुणाचीच कुणी नसते आणि तेच मला हवं असतं. ती खोली धाकटीच्या हातात गेली तर तिथे मला बाटल्या धुवायला परत जावं लागलं असतं. मेले असते, पण गेले नसते.

माझी निळी आधी तयार झाली. सरळ, शिस्तीची, कागदावर कुठे फुटणार नाही अशी. धाकटीने ती लावली आणि तळाशी लिहिलं, ‘ठेवावी’. असं सहज, वळणदार. पान मामंजींच्या हातात देताना माझ्याकडे बघून हसली पण. खरं सांगते, तिने ओतावी लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. असलं चांगुलपण मला झेपत नाही.

मग तिची निळी आली. बाटली उजेडात धरली तर गडद, नितळ, गाळाचा कण नाही. मला धडकीच भरली.

शाई वाईट दाखवायची असली तर तिच्यात काही कालवावं लागत नाही. पेन बदललं की पुरतं. कंजूस पेनातून कुठलीही शाई आजारी माणसासारखी फिकी उतरते. मी वर गेले आणि कोड्याचं पेन घेऊन आले. ते रात्रभर भिजत घालायला हवं होतं. मीच सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत असते, की पेन नळाखाली धरलं म्हणजे धुतलं असं होत नाही, निबेखाली जी जीभ असते तिच्या खाचांत जुनी शाई दडून बसते. पण मामंजी पान काढून वाट बघत होते आणि माझं डोकं तापलेलं. नळाखाली धरलं, पाणी स्वच्छ यायला लागलं, झटकलं, पुसलं, झालं. तिची निळी भरली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसले.

‘झाकण घट्ट, पेन स्वच्छ’ एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला.

तो निळा मी तोवर बघितलेला नव्हता. खोल विहिरीत वाकून बघितल्यावर तळाला असतो तसा, आणि अक्षराच्या कडेला किंचित तांबूस. वाळत गेला तसा आणखी गडद झाला. मला वाटलं, या दळभद्री पेनातून हा असा उतरतोय, तर चांगल्या पेनातून काय उतरेल? अंगाचा तीळपापड झाला. मान वर न करता मी दहा ओळी संपवल्या, चौकोन काढला, थेंब सोडला, ओलं बोट फिरवलं. तोही पुसला जाईना, मेला. मग तळाशी ‘ओतावी’ लिहिलं, आणि तो शब्दसुद्धा इतका देखणा उतरला की मला रडू यायला लागलं.

मामंजींनी पान खिडकीशी नेलं. हल्ली ते कागद नाकाला लावूनच बघतात. धाकटी दारात उभी होती, मी टेबलाशी.

“सूनबाई, हा रंग मी आयुष्यभर करायला बघतोय,” ते म्हणाले. “शब्द तू काहीही लिही. ही शाई मी ओतू देणार नाही.”

ज्या माणसाने सासूबाईंसाठीसुद्धा कधी नियम मोडला नव्हता, त्याने तो धाकटीसाठी मोडला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या अनुभवलं. धाकटीचा चेहरा फुलला. तिने वाकून पानाकडे बघितलं मात्र, आणि तिच्या कपाळाला जराशी आठी पडली. मला वाटलं, माझा शब्द वाचला असेल.

ठरलं असं, की तिने मोठी बरणीभर शाई करायची आणि बरणी भरली की किल्ली घ्यायची. नमुन्यातली उरलेली शाई आमच्याकडे त्या बरणीत ओततात, विरजण घालावं तशी. तिने ती ओतली, भुकट्या तोलल्या, गाळून घेतली. मामंजींनी काचेची काडी बुडवून कागदावर ओढली आणि पान शेजारी धरलं. शाई चांगली होती. गडद निळी, कुणीही विकत घेईल अशी. पण पानावरची नव्हती. त्यांनी मला बघायला लावलं. मी बघितलं आणि म्हटलं, नाही, ही ती नव्हे.

तिने पुन्हा केली. पुन्हा तीच साधी निळी. दीर म्हणाले वजनकाटा बिघडला असेल, तर त्याच्यावर पितळी वजनं ठेवून बघितली. काटा चोख होता. तिसऱ्या खेपेला तिचे डोळे सुजलेले होते. काल काय घातलं होतं, आज काय राहिलं, हे ती स्वतःशीच पुटपुटत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, पण फार नाही.

“एकदा जमलेला रंग जिला पुन्हा जमत नाही, तिच्या हातात मी ही खोली कशी देऊ?” मामंजी म्हणाले. रागाने नाही, दमून म्हणाले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. दुकानात माझी निळी विकायची असं ठरलं.

मला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. फुटल्याही, जिना चढेपर्यंत.

वर जाऊन सवयीने पेपर उघडला आणि कोड्याचं पेन घेतलं. त्या दिवशी रागाच्या भरात ते मी न धुताच फेकलं होतं आणि त्यानंतर कोड्याला हात लावला नव्हता. आत थोडी शाई होती. पहिले दोन शब्द त्याच रंगात उतरले, विहिरीच्या तळाच्या. मग पेन कोरडं पडलं. मी कपाटातून लहान बाटली काढली, निब जांभळीत नुसती बुडवली आणि पुढचा शब्द लिहिला. निबेतल्या उरल्यासुरल्या निळीत ती मिसळली आणि पुन्हा तोच निळा, कडेला तांबूस. मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जुनी जांभळी जिभेच्या खाचांत बसून होती आणि ती तिच्या निळीत उतरत होती. पेन कंजूस, म्हणून अख्खं पान भरेपर्यंत संपली नाही. दुसऱ्या कुठल्याही पेनात पहिल्या दोन ओळींत धुऊन गेली असती.

आधी मला वाटलं, चला, म्हणजे त्या रंगात अर्धा वाटा माझा. मग हिशेब बघितला. निळी तिची. जांभळीही तिचीच. माझं काय होतं, तर एक न धुतलेलं पेन.

मी मूग गिळून बसले. किल्ली माझ्याकडे होती. शाईखोली उघडायची, बरण्या पुसायच्या, माझी निळी करायची, आणि दार लावून आत बसले तरी मला ते कुणीच नसणं काही सापडेना. आत सारखी कुणीतरी असायचीच.

आणि एका दुपारी धाकटी वर आली. कोड्याच्या वेळी कुणी येत नाही, म्हणून मी दार नुसतं लोटलं होतं. तिच्या हातात ते पान होतं, मामंजींकडून मागून आणलेलं, आणि टीपकागदाची एक ओली पट्टी. सांगत आली, की ताई, एक दाखवायचंय, या पानावरची पहिली ओळ जास्त लालसर आहे आणि दहावी कमी. एकाच शाईच्या दोन ओळी अशा कशा दिसतील? म्हणून मी कोपऱ्यातला जाड बसलेला थेंब बराच वेळ भिजवून त्यावर टीपकागद दाबला. बघा, निळा वर चढत गेला आणि मागे हा कोणता रंग राहिला?

बोलता बोलता तिची नजर पलंगावरच्या पेपरवर गेली. पेपरावर आडव्याउभ्या चौकोनांत माझी अक्षरं. आदल्या दिवशीचा पेपर त्याच्याखाली, त्याच्याखाली परवाचा. सगळी जांभळी. शेजारी बाटली, तिच्या हाताने चिठ्ठी लावलेली.

ती किती तरी वेळ बघत राहिली.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही माझी जांभळी अजून वापरता?”

तिने ओरडायला हवं होतं. मी तयार होते, भांडायला मला कधीही वेळ लागत नाही. पण ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिचे डोळे भरून आले, आणि ती रागाने नव्हती रडत. म्हणाली, मला वाटलं होतं ती खरंच वाईट होती. तुम्ही म्हणालात म्हणजे वाईटच असणार. म्हणून मी तसलं पुन्हा काही करून बघितलं नाही. मग डोळे पुसून म्हणाली, की मामंजींना मी काही सांगणार नाही. किल्ली तुमच्याकडेच राहू दे. मला फक्त जांभळीचं पान हवंय. तेव्हा खरं काय वाटलं होतं ते लिहून द्या.

तिने कोरं पानही आणलं नव्हतं. मीच पोराच्या वहीतलं एक फाडलं. कोड्याच्या पेनात जांभळी भरली आणि ठरलेलं वाक्य दहा वेळा लिहिलं. ‘पेन स्वच्छ’ लिहिताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार. चौकोन काढला, थेंब सोडला. वाळेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो. ओलं बोट तिनेच फिरवलं. तळाशी मी लिहिलं, ‘ठेवावी’.

तिने पानावर फुंकर घातली, घडी केली आणि खाली गेली.

आणि मी बसल्या जागी पेटले. म्हणजे आता आयुष्यभर मी किल्ली लावून ती खोली उघडणार आणि दर वेळी मला आठवणार, की ही किल्ली हिने मला दिलीय. दान म्हणून. एक वेळ तिने सगळ्यांदेखत माझी लाज काढली असती तर मी सहन केलं असतं, पण तिच्या मोठेपणावर जगायचं? मी त्यातली नाही. बाटली घेतली, कोड्याचं पेन घेतलं आणि ताडताड जिना उतरले.

मामंजी शाईखोलीत आरामखुर्चीत बसले होते. धाकटी बरण्यांवर झाकणं बसवत होती. मी बाटली, पेन आणि किल्ली त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली. किल्लीचा आवाज त्यांनी ओळखला. ही वर्षभरापूर्वीची जांभळी, मी म्हटलं. लहान बाटली मी ओतली नव्हती. रोज तीच वापरते. निळी लावताना पेन धुतलं नव्हतं, म्हणून तो रंग आला. धाकटीचं काही चुकलेलं नाही.

धाकटी झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. मामंजींनी चाचपून बाटली घेतली, झाकण उघडलं, वास घेतला. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांचा आवाज उलट बारीक झाला.

“एवढी आवडली होती, तर ओतावी का लिहिलंस?”

“आवडली म्हणूनच,” मी म्हटलं.

काउंटरवर हे आणि दीर कसल्याशा टोपणावरून वाद घालत होते, तो तेवढा ऐकू येत होता. मामंजींनी किल्ली उचलली आणि धाकटीचा हात शोधून तिच्या मुठीत दिली. माझ्याकडे बघितलंही नाही, तसंही त्यांना माझा चेहरा दिसला नसता. मग म्हणाले, आता हिच्या शाया लावणार कोण? मला काही दिसत नाही. धाकटी म्हणाली, ताईच लावतील. मामंजींनी मान डोलावली.

गडद निळीत आता मोजून जांभळी पडते. दुकानात सगळ्यात जास्त तीच खपते. लोक मला विचारतात, काय हो, कशी करता? मी सांगते, जाऊबाई करतात. सांगताना दर वेळी पोटात दुखतं, ते काही गेलेलं नाही.

परवा मीही एक हिरवी करून बघितली. नमुना करायला मला कुणी आडकाठी केलेली नाही. धाकटीने लावली आणि पान माझ्या हातात दिलं. तळाशी, वळणदार, ‘ओतावी’. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग न राहवून विचारलं, की आज ओतावी लिहितेस, तर माझ्या निळीवर ठेवावी कसं लिहिलं होतंस?

तिने आधी बाटल्या उचलल्या, मग म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटलं असतं ना.”

एवढं बोलून ती मोरीकडे गेली, मोठी बाटली एका हातात, लहान दुसऱ्या हातात. मी दाराआड कान देऊन उभी राहिले. मोठी ओतल्याचा आवाज आला. मी श्वास धरून थांबले. थोड्या वेळाने लहान ओतल्याचाही आला.